पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र : पाण्यात उतरण्याआधी आम्हाला भरतीची वेळ सांगा

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

आम्ही तापी-गिरणेकाठची माणसे. विहिरीत, बंधाऱ्यात पोहायला शिकलेलो. भरती-ओहोटीशी आमचा संबंध येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत जळगाव-धुळ्याहून कोकणात जाणाऱ्या अशा कुटुंबांसाठी हे पत्र लिहीत आहे.

मुलाकडे ऑस्ट्रेलियात गेलो असता पश्चिम किनाऱ्यावरील एक्समाउथजवळचे केप रेंज राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा योग आला. चुनखडीची डोंगररांग, तिच्यातून समुद्राकडे उतरणाऱ्या घळया आणि किनाऱ्याला खेटून निंगालूची प्रवाळभिंत असा तो प्रदेश असून, २०११ पासून निंगालू किनारा जागतिक वारसा यादीत आहे. यार्डी क्रीकच्या घळईत नावेतून जाताना तांबूस कड्याच्या कपारीत बसलेली वॉलबी (कांगारूसारखा लहान प्राणी) नावाड्याने दाखवली, तेव्हा ती दगडापासून वेगळी ओळखायलाच वेळ लागला. उद्यानात दुकानांची गर्दी नाही, पिण्याचे पाणीही सोबत न्यायला सांगतात. आपल्या खात्याला हे कदाचित उणेपण वाटेल.

पण पत्राचे कारण वेगळे आहे. तेथील टर्कॉइज बे येथे स्नॉर्केलिंग (तोंडात श्वासनळी धरून, पाण्याखालचे पाहत पृष्ठभागावर पोहणे) करणारा दक्षिणेकडून पाण्यात उतरतो आणि प्रवाहाबरोबर प्रवाळांवरून उत्तरेकडे वाहत जातो. मात्र वाळूच्या दांड्याच्या आधी त्याने बाहेर पडायचे असते, कारण पुढे पाण्याची ओढ प्रवाळभिंतीतील खिंडीतून खुल्या समुद्राकडे नेते. कोठे उतरायचे आणि कोठे बाहेर यायचे, हे तेथे आधीच बजावले जाते. ऑयस्टर स्टॅक्स येथे तर भरतीचे पाणी पुरेसे असल्याशिवाय उतरायचेच नाही, कारण एरवी प्रवाळ पृष्ठभागाच्या इतके जवळ असतात की पोहणाराही खरचटतो आणि प्रवाळही मोडतात. माहिती केंद्रातील बाईंनी भरतीचे कोष्टक पाहून आम्हाला सरळ सांगितले की, आज दुपारी जाऊ नका.

याउलट कोकणातील एका किनाऱ्यावर आमच्या अंगावर जीवरक्षक जाकीट चढवले गेले, तोंडाला नळी लावली गेली, व्हिडिओचे पैसे आगाऊ घेतले गेले; भरतीबद्दल, ओढीबद्दल किंवा प्रवाळांवर पाय ठेवू नये याबद्दल अवाक्षर नाही. पैसे मोजताना मात्र कोणतीही चूक झाली नाही.

मालवणचा सागरी परिसर १९८७ पासून अभयारण्य आहे. तेव्हा वनखात्याला सोबत घेऊन तेथून सुरुवात करता येईल. जेथे स्नॉर्केलिंग चालते अशा प्रत्येक ठिकाणी त्या दिवसाच्या भरतीच्या वेळा, ओढीची दिशा आणि बाहेर पडण्याची जागा मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेली असावी आणि ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस तेथे हजर असावा, ज्याची कमाई तिकिटांच्या संख्येवर अवलंबून नसेल. आमच्याकडे तोरणमाळच्या सीताखाईच्या काठावर आणि पाटणादेवीच्या धबधब्यांपाशी पावसाळ्यात हीच व्यवस्था हवी.

पावसाळ्यात बंद राहिलेले जलक्रीडेचे व्यवसाय पुन्हा सुरू होण्यापूर्वी निदान मालवणचे फलक लागावेत, ही विनंती.

आपला,
एक पर्यटक, चाळीसगाव, जि. जळगाव