बोर्ड इतक्यात लावू नकोस

गिरगाव, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

तुझा फोटो येऊन तीन आठवडे झाले आणि मी साधा अंगठासुद्धा पाठवला नाही. रागावला असशील, रागाव. पण फोटो पाहून जे सांगायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस. इथे सगळे ठीक. आईचा गुडघा पावसाळ्यात जसा असतो तसा.

फोटोत दोन गोष्टी दिसल्या. एक, तू बांधतोयस त्या कॉइनवाल्या व्हिडिओ गेमच्या मशीनच्या पोटात सगळ्या वायरी काळ्या. दोन, कोपऱ्यात पेपरावर मुस्तफाचा, म्हणजे ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ गेमचा सर्किट बोर्ड, उघडा. म्हणजे तुझे हात शिवशिवतायत. गणपतीच्या माळांचा विषय मी काढणार नव्हतो, पण फ्यूज तुझ्यामुळेच उडाला होता. खालच्या काकांच्या इस्त्रीवर किती वर्षं ढकलणार आहेस? तेव्हा फ्यूजची तार बदलून भागलं. हा बोर्ड गेला तर दुसरा आणायचा कुठून? म्हणून आधी एवढंच कर: बोर्ड उचल आणि वहिनींच्या कपाटात किल्ली लावून ठेव. किल्ली त्यांच्याकडे.

आता काळ्या वायरी. आपल्याकडे घरच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल काळी असते आणि गेमच्या हार्नेसमध्ये, म्हणजे बोर्डाकडे जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यात, ग्राउंडही काळीच. एकाच खोक्यात २३० व्होल्टची काळी आणि ५ व्होल्टची काळी शेजारी ठेवलीस, तर सहा महिन्यांनी कुठली कुठली हे तुलाच कळणार नाही. लोहार चाळीतून आवरणवाली तीन-कोर केबल आण आणि २३० तेवढ्याच केबलीतून ने, खोक्याच्या एका भिंतीने. बाकी सगळं समोरच्या भिंतीने. फेजमध्ये २ अँपिअरचा फ्यूज, पुढे दोन्ही तारा तोडणारा स्विच. अर्थिंगची हिरवी तार कॉइनच्या लोखंडी दाराला आणि बोर्डाला ५ आणि १२ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट. तुमच्या जुन्या बिल्डिंगमधल्या प्लगच्या तिसऱ्या भोकात अर्थ खरंच येतो का, ते आधी वायरमनला बघायला सांग. भोक असणं आणि अर्थ असणं वेगळं. जमलं तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घे. पावसाळ्यात ओल्या पायांनी पोरं खेळणार आहेत.

सप्लायच्या बाजूला ११०/२२० चा बारीक लाल सरकता स्विच असेल तर तो २२० वर आहे ना, ते बॅटरी मारून बघ. ११० वर राहिला आणि आपले २३० दिलेस तर आतले कपॅसिटर फटाक्यासारखे वाजतात. त्या आवाजाला तरी इस्त्री जबाबदार नसेल.

बाकी रंग लॅमिंग्टन रोडवरून घे: ५ व्होल्टला लाल, १२ ला पिवळा, उणे ५ ला पांढरा, ग्राउंडला तुझी ती काळी. एवढी आणलीयेस तर संपव. ५ व्होल्ट आणि मुख्य ग्राउंड ०.७५ स्क्वेअर एमएमच्या खाली नको. बटणांना पातळ चालते, त्यांच्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही. बोर्डावरचा रेझिस्टर प्रत्येक बटणाच्या पिनला ५ व्होल्टवर धरून ठेवतो आणि बटण दाबलं की ती पिन ग्राउंडला टेकते, झालं. म्हणून बटणाला व्होल्ट द्यायचे नसतात. तुझ्या फोटोत एका बटणाकडे लाल टेप लावलेली काळी वायर जाताना दिसली. ती कशाला? काढ.

बटणाखालच्या मायक्रोस्विचला तीन पाय. कॉमन आणि एनओ (दाबल्यावरच जोडणारा), हे दोनच वापर. एनसीला (न दाबता जोडलेल्या पायाला) लावलंस तर बटण न दाबता दाबलेलं राहील, आणि मुस्तफा भिंतीकडे तोंड करून उड्या मारत बसेल. दोन दांडे (जॉयस्टिक) म्हणजे आठ स्विच, दोघांची तीन-तीन बटणं सहा, स्टार्ट दोन, कॉइन दोन, सर्व्हिस एक, टेस्ट एक. एकूण २०, म्हणजे ४० लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या). ६० घे, पहिले दहा तू चिरडणारच. पक्कड वापरू नकोस, क्रिम्पिंगची प्लायरच हवी. साध्या मायक्रोस्विचला ४.८ मिलिमीटरचा लग बसतो, जपानी बटणांना २.८ चा. तुझी कुठली आहेत ते मोजूनच दुकानात जा.

ग्राउंड सगळ्यांना एकच. पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे तुकडे काप आणि माळेसारखं या स्विचच्या कॉमनवरून त्या स्विचच्या कॉमनवर जा, एका लगमध्ये दोन तारा. इथेच सगळे फसतात. माळेतला एक लग निसटला की त्याच्या पुढचे सगळे मेले, आणि माणूस बसतो बोर्डावर संशय घेत. उपाय फुकटचा आहे: माळेचं शेवटचं टोक परत ग्राउंडला आणून जोड. मग एका ठिकाणी तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहते. लग बसवला की प्रत्येक तार ओढून बघ. हातात आली तर बरंच झालं, आत्ता आली.

दांड्याचं लक्षात ठेव: दांडा वर ढकलला की खालच्या बाजूचा स्विच दबतो. शिवाय तू पॅनल उलटं करून काम करणार, म्हणजे डावं-उजवंही फिरलं. अंदाजाने लावू नकोस. दांडा ढकल, जो कटकन वाजेल त्याला चिकटपट्टीवर नाव लिही.

बोर्ड ज्यात बसतो तो कनेक्टर जामाचा (JAMMA). ते ठरवलं जपानी मशीनवाल्यांच्या संघटनेने, १९८५ च्या सुमारास, म्हणजे कुठलाही बोर्ड कुठल्याही खोक्यात चालावा. ५६ पिना, बाजूला २८, दोन पिनांत ३.९६ मिलिमीटर. पार्ट्सकडची बाजू आकड्यांची, सोल्डरकडची अक्षरांची. १ आणि २ ग्राउंड, ३ आणि ४ म्हणजे ५ व्होल्ट, ५ उणे ५, ६ वर १२ व्होल्ट, आणि या सगळ्यांच्या मागे अक्षरांच्या बाजूलाही तेच. ७ वर चावी, म्हणजे बोर्डाच्या खाचेत बसणारा तुकडा. १० स्पीकर. १२ लाल, १३ निळा, हिरवा १२ च्या मागे आणि सिंक (चित्र स्थिर धरणारा सिग्नल) १३ च्या मागे. १६ कॉइन, १७ स्टार्ट, १८ ते २१ वर-खाली-डावं-उजवं, २२ पासून बटणं, २७ आणि २८ परत ग्राउंड. दुसऱ्या खेळाडूचं सगळं याच जागांच्या मागे. तिसरा खेळाडू यात नाहीच, म्हणजे तुझ्या मेव्हण्याचा प्रश्न आपोआप सुटला.

आता माझी खरी भीती. दोन्ही टोकांना ग्राउंड आहे, पाहिलंस? कनेक्टर उलटा घातला तर ग्राउंडवर ग्राउंड व्यवस्थित बसतं, सर्किट पुरं होतं, आणि १२ व्होल्ट सरळ २३ नंबरवर, म्हणजे दोघांच्या दुसऱ्या बटणावर जातात. त्या पिनेमागच्या चिपला ५ च्या वर सोसत नाही. धूर निघेलच असंही नाही, नुसतं ते बटण कायमचं जातं. सातवर चावी असते ती यासाठीच. पण काही बोर्डांना खाचच नसते, म्हणून लोक चावी उपटून फेकतात. तुझ्या बोर्डाला खाच आहे का ते फोटोत दिसत नाही. नसेल तर कनेक्टरच्या पार्ट्सकडच्या बाजूला वहिनींचं लाल नेलपॉलिश लाव, ठळक.

बोर्डाशिवाय तपासणी अशी. मल्टीमीटर बझरवर ठेव. कनेक्टरच्या ३ आणि १ मध्ये बझर वाजता कामा नये. मग एक टोक ग्राउंडवर, दुसरं १८ वर, आणि दांडा वर ढकल: वाजला पाहिजे, सोडला की थांबला पाहिजे. असे वीसच्या वीस. मग सप्लाय चालू. रिकामा सप्लाय कधी कधी उठतच नाही किंवा भलतेच आकडे दाखवतो, म्हणून ५ व्होल्टवर ४.७ ओहम, १० वॅटचा सिमेंटवाला रेझिस्टर जोड. एक अँपिअर ओढेल आणि चांगला तापेल, हात लावू नकोस. ५ आणि १२ आले? उणे ५ खरंच उणे आहेत? मग बंद कर, दिवे विझू दे.

त्यानंतर बोर्ड, आणि तोही मी आल्यावर. आधी त्याच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. आपल्या हवेत त्या काळ्या पडतातच. ५ व्होल्ट सप्लायवर मोजायचे नाहीत, बोर्डाच्या कडेवर मोजायचे, कारण वायर आणि कनेक्टर मध्ये खातात. तिथे ५ ते ५.०५ हवेत. ४.७ ला आला की गेम आपोआप रिसेट होतो, आणि लोक चिप बदलत बसतात. सप्लायवरचा स्क्रू केसभरच फिरवायचा. त्याच्याबरोबर १२ व्होल्टही हलतात, तेही बघायचे.

स्पीकरची उणे तार ग्राउंडच्या माळेत घालू नकोस. ती १० च्या मागच्या पिनलाच जाते. काही बोर्डांच्या अँप्लिफायरला ग्राउंडशी जोडलेला स्पीकर झेपत नाही.

पिक्चर ट्यूबला मात्र अजिबात हात लावायचा नाही. बंद केल्यावरही तिच्या अॅनोडवर हजारो व्होल्ट बसून असतात. आणि तुझी ट्यूब टीव्हीची असेल तर तिची चासी (आतलं सर्किट) मेन्सपासून वेगळी नसण्याची शक्यता आहे. मध्ये २३० ते २३० चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसताना बोर्डाचं ग्राउंड तिला जोडलंस तर बोर्ड, तू आणि कॉइनचं दार, तिघेही मेन्सवर. जुना टीव्ही मेकॅनिक गाठ. तो मिळेपर्यंत बोर्डाचं चित्र एलसीडीला चालेल असं करणारा कन्व्हर्टर घालून एलसीडी लावू. चित्र पांढरंफट आलं तर कन्व्हर्टरवरचे तीन स्क्रू कमी करायचे.

वहिनींची बदली झाली का? छोटूचा क्लास? सविस्तर कळव, मी आपलंच पुराण लावलं.

पुढच्या रविवारी येतो. मीटर माझा आणतो, तुझ्या मीटरची लाल पिन तुटकी आहे हे मला माहीत आहे. मुस्तफा मी घेणार. तू जॅक. यावर चर्चा नाही.

तुझा,
अव्या

ता. क. ते कॉइनचं यंत्र जुन्या २५ मिलिमीटरच्या रुपयाचं दिसतंय. २०११ पासूनचा रुपया २२ चा किंवा त्याहून लहान, तो आतून तसाच घरंगळेल. काकूंच्या देवघरातल्या डब्यात जुने असतील, विचारून घे.