खड्डा खोटा नसतो

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री आपण दोघांनीही उगाच आवाज चढवला. तू दार लावून घेतलंस, म्हणून हे लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवतोय. खड्ड्याचा विषय काढणार नाही, असं तुझ्या आईला कबूल केलंय.

तुझ्या या शिबिरात शिक्षकांनी आठ दिवस तंबूत राहायचं, सकाळी दोरीनं मीटरभराचा चौकोन आखून त्यातल्या वनस्पती मोजायच्या आणि दुपारी उत्खनन शिकायचं, हे मला मनापासून आवडलं. आमच्या मास्तरांचा इतिहास फळ्यावर सुरू व्हायचा आणि तिथंच पुसला जायचा. तुझ्या वर्गातल्या पोरांच्या तो हाताला लागेल. काल हेच सांगायचं राहिलं.

तू म्हणालीस, "बाबा, ते खोटं उत्खनन आहे. आयोजकांनीच फुटकी मडकी पुरून ठेवलीयत. खऱ्या जागेवर परवान्याशिवाय कुदळ लावता येत नाही." पटलं. पण मडकी खोटी असली तरी खड्डा खोटा नसतो. ३४ वर्षं मी चर खणून घेतले. एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या वर भरते. ती छातीवर आली की श्वास सोडता येतो, आत घेता येत नाही. दीड मीटरपर्यंत खोल गेलात तर कडांना आधार हवा, नाहीतर उतार द्यायचा. उपसलेली माती काठावर रचायची नाही, निदान दोन फूट लांब टाकायची. रात्री पाऊस झाला तर आधी काठावर भेगा बघायच्या, मगच उतरायचं. आणि एकटीनं कधीच नाही.

बघ, कबूल करूनही सुरू झालोच. माफ कर. तुम्ही करणी आणि ब्रशनं माती खरवडणार, गुडघाभरही खाली जाणार नाही, हे मला कळतं. काकांचा चरही फार खोल नव्हता.

तू सहा वर्षांची असताना एकदा कामावर माझ्याबरोबर आली होतीस. काठावर पालथी पडून विचारलंस, "मातीला पट्टे का?" मी म्हटलं, खालचा पट्टा जुना, वरचा नवा, मधे उंदरानं किंवा माणसानं उकरलं असेल तर मात्र गडबड. मला तेवढंच येत होतं. परवा तू सांगितलंस, पुरातत्त्वाचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे, आणि कुठल्या थरात सापडलं ते न नोंदवता उचललेलं खापर मुकं होतं. त्या रात्री झोप लागेना. आमच्या चरांतही कधी राखेचा थर लागायचा, कधी खापरं. ती कितीतरी मी डंपरमध्ये भरून पाठवलीयत.

इनामगावचंही तूच सांगितलंस. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून घोड नदीकाठी खणलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली. गेलेलं लेकरू दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेलं, घरातल्याच जमिनीखाली. तू रंगून सांगत होतीस, पुरायची पद्धत, भांड्यांचे आकार. माझं लक्ष त्या आईबापांकडे. लेकरू उंबऱ्याबाहेर पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं असेल. तुमच्या शास्त्रात याला पुरावा लागतो, ठाऊक आहे.

हे तुला निघताना लिहायला नको होतं. आता खोडत नाही.

बाजूच्या कप्प्यात माझा ओळंबा ठेवलाय. थरांचं रेखाटन करताना तुम्हालाही लागतो म्हणालीस. दोरा नवीन बांधलाय. तुझ्या गटात सगळ्यांत सरळ कड तुझीच निघणार, बघ.

रोज रात्री आईला एक मेसेज टाक. मला वेगळा नको, ती वाचून दाखवते.

तुझे बाबा

ता.क. त्यात खोली किती झाली तेवढं लिहीत जा.