मंत्रिमहोदय, रेंज आहे, स्पीड आहे, फक्त फाइल जात नाही

प्रति,
माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, एका लहान गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. केंद्राचं सगळं काम सिमच्या राउटरवर चालतं. टॉवरची रेंज चांगली, स्पीड टेस्टही चांगली. तरी पीक विम्याची मुदत जवळ आली की कास्तकार दारात रांग लावून उभे आणि सातबारा काही अपलोड होत नाही. लॉगिनचं पान उघडतं, नाव-गाव भरलं जातं, फाइल जोडली की चकरी फिरत राहते. त्याच राउटरवर बाकावरचा पोरगा मजेत यूट्यूब पाहत असतो. कंपनीचं उत्तर ठरलेलं: "नेट चालू आहे, साइट स्लो असेल."

साइट स्लो नाही, पॅकेट मोठं आहे. पॅकेट म्हणजे नेटवरून माहिती ज्या लहान-लहान गठ्ठ्यांत जाते, त्यातला एकेक गठ्ठा. "तुकडे करू नका" असं सांगून 1472 बाइटचं पिंग, म्हणजे चाचणीचं पॅकेट, सोडलं की नुसती शांतता. आकार घटवत 1372 वर आलं की उत्तर येतं. हेडरचे, म्हणजे पॅकेटवरच्या पत्त्याच्या चिठ्ठीचे, 28 मिळवले की वाट 1400 बाइटची निघते. कॉम्प्युटर मात्र 1500 धरून चाललेला असतो. मोबाइल जाळ्यात प्रत्येक पॅकेटवर जीटीपीचं, म्हणजे त्या जाळ्याच्या आतल्या वाहतुकीचं, वेष्टन चढतं, ते किमान 36 बाइटचं. आयपीव्ही6 या नव्या पत्तापद्धतीच्या जाळ्यातून जुन्या आयपीव्ही4 चं पॅकेट न्यायचं तर आणखी 20. वाट अरुंद असणं हा गुन्हा नाही. पॅकेट मावत नसेल तर मधल्या राउटरने तसा आयसीएमपी निरोप, म्हणजे अडचण कळवणारा संदेश, परत पाठवायचा, हा नियम 1990 पासून आहे. पण सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर, म्हणजे जाळ्याच्या पहाऱ्यावर, तो निरोपच कुणीतरी अडवतं. कापसाने उंच भरलेली गाडी पुलाखाली अडावी आणि उंचीची पाटी आधीच कुणी उपटून नेलेली असावी, तसं हे. यूट्यूबचं काम क्विक या माहिती पाठवायच्या वेगळ्या पद्धतीवर (प्रोटोकॉलवर) चालतं, त्याची पॅकेटं मुळातच लहान असतात, म्हणून पोराचं निभतं.

माझ्या राउटरमध्ये एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) 1400 आणि एमएसएस (त्यातल्या हेडरशिवायच्या माहितीचा कमाल आकार) 1360 केला, तेव्हापासून फाइल जाते. पण शेताच्या धुऱ्यावर उभं राहून मोबाइलवरून ई-पीक पाहणीचा फोटो चढवणाऱ्याने काय करायचं? साध्या फोनमध्ये हा आकडा बदलायची सोयच नसते. जोडणी होतानाच जाळ्याने फोनला एमटीयू कळवायची तरतूद मोबाइल मानकांत आहे, 1358 हा आकडाही तिथे सुचवलेला आहे. कंपन्यांना ते बंधनकारक करा. एमएसएस आवळणं, म्हणजे तो आकडा कमी करणं, तर त्यांच्या गेटवेवर, मोबाइल जाळं नेटला जोडणाऱ्या यंत्रावर, एका सेटिंगचं काम.

दुसरं, आपल्याच सरकारी पोर्टलांचं. सर्व्हरसमोरच्या फायरवॉलने "पॅकेट मोठं आहे" हा निरोप आत येऊ द्यावा, असा आदेश माहिती तंत्रज्ञान मंत्रालयामार्फत काढायला लावा. आयपीव्ही6 मध्ये मधला राउटर तुकडे करतच नाही, तिथे हा निरोप अडवणं म्हणजे फाइल अडवणंच.

दूरसंचार नियामक ट्रायच्या 2024 च्या सेवा गुणवत्ता नियमांत वेग, विलंब, पॅकेट गळती मोजली जाते. तिथेच पॅकेटच्या आकाराची एक चाचणी घाला, आणि कस्टमर केअरच्या तक्रार फॉर्ममध्ये त्यासाठी एक रकाना ठेवा. आज मी 1372 आणि 1472 सांगितलं की पलीकडून सिम काढून परत घाला म्हणतात.

आपला,
एक सेवा केंद्र चालक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ