पट्टीतला आकडा आला कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगणकच आता प्रोग्रॅम लिहू लागल्याबद्दलचा लेख वाचला. तासाभरात ॲप उभं राहतं, चार ओळींत मागणी सांगितली की कोड हजर, वगैरे. त्यात खोटं काही नाही. मीही ती सोय वापरते. पण लेखात प्रोग्रॅमरचं काम म्हणजे कोड लिहिणं असं धरून चाललंय, आणि तिथेच घोळ आहे. आमचा बराचसा दिवस दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात जातो. ते वाचन सोपं करणारी साधनं कशी हवीत यावर कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, काटछाट आपल्या हातात आहे.

मी लातूरला असते. मोंढ्यातल्या काही आडत दुकानांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळते. आवक, सौदा, वजन, शेतकऱ्याची हिशेबपट्टी, व्यापाऱ्याचं बिल, उधारीची वही, सगळं त्यात. मूळ प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिक ६ मधला. ती भाषा १९९८ ची, आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या एडिटरचा, म्हणजे ज्यात कोड लिहितात-वाचतात त्या सॉफ्टवेअरचा, आधार एप्रिल २००८ मध्येच काढून घेतला. आडत्याला त्याचं काय? पट्टी निघते ना, मग चालू द्या. ज्यांनी प्रोग्रॅम लिहिला ते केव्हाच पुण्याला गेले. त्यांच्यानंतर आणखी दोघांचे हात लागले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, एक थर चढला. १ जुलै २०२१ पासून मोठ्या खरेदीदाराला एकाच विक्रेत्याकडच्या पन्नास लाखांवरच्या खरेदीवर ०.१ टक्का टीडीएस कापावा लागू लागला, आणखी एक थर. प्रत्येक थर म्हणजे जुन्या कोडमध्ये घुसवलेलं एक 'इफ', 'असं असेल तर' ही अट.

आता सोयाबीनच्या सीझनमधली एक सकाळ सांगते. आडत्याचा फोन आला, ''ताई, पट्टीत तोलाई दोनदा कटायलीय. शेतकरी काउंटरवर उभा हाय, लवकर बघा.'' सगळ्या पट्ट्यांत नाही, काहींतच.

मी तोलाई हा शब्द सर्चला टाकला. भली मोठी यादी आली. त्यात स्क्रीनवरच्या पाट्या, मेसेज बॉक्समधली वाक्यं, कधीच्या काळी बंद करून ठेवलेल्या ओळी, आणि त्या गर्दीत कुठेतरी खरा हिशेब. मला या सगळ्यातल्या फक्त त्या ओळी हव्या होत्या जिथे तोलाईची किंमत बदलते. जिथे ती नुसती वाचली जाते, छापली जाते, त्या नकोत. सर्चला हा फरक कळत नाही. शेवटी एकेक ओळ डोळ्यांनी चाळली. किंमत बदलणाऱ्या ओळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या आणि त्यातल्या एकीतही चूक नव्हती. तिथून आकडा एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला सूचना द्यायच्या भाषेतल्या, वाक्यात जातो, आणि ते वाक्य कोडमध्ये अवतरणचिन्हांत बांधलेलं, तुकडे जोडून तयार केलेलं. एडिटरच्या लेखी ते नुसतं मजकुराचं गाठोडं. इथे धागा तुटला. डेटाबेसच्या टेबलातला आकडाही बरोबर होता. मग उरला छापील रिपोर्ट. पट्टीचे दोन नमुने आहेत, पूर्ण पानाचा आणि अर्ध्या पानाचा. कुणीतरी मध्येच तोलाई 'एकूण खर्चा'त धरायला सुरुवात केली होती आणि पूर्ण पानाच्या नमुन्यात तसा बदलही केला होता. अर्ध्या पानाच्या रिपोर्टच्या सूत्रात मात्र खर्चही वजा, वर तोलाईही वजा. ते सूत्र छापील पानं तयार करणाऱ्या क्रिस्टल रिपोर्ट या साधनाच्या फाईलच्या पोटात बसलेलं, साध्या सर्चला दिसतच नाही. दुरुस्ती एका ओळीची. तोवर दुपार झाली होती आणि शेतकरी हाताने लिहिलेली पट्टी घेऊन गावाला गेला होता.

हा काही माझ्या एकटीचा रडगाणं गाण्याचा विषय नाही. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अँड्र्यू को आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रोग्रॅमर प्रत्यक्ष काम करताना बघून लिहून ठेवलंय, की त्यांच्या वेळातला सुमारे ३५ टक्के भाग नुसता कोडमध्ये इकडून तिकडे फिरण्यात, फाईल उघडण्यात, मघाची जागा पुन्हा शोधण्यात जातो. विचार करणं वेगळं, हे नुसतं फिरणं.

आणि गंमत म्हणजे उत्तरंही जुनीच आहेत. १९७३ च्या सुमाराला केन थॉम्पसन यांनी 'ग्रेप' केलं, फायलींमध्ये शब्द शोधणारं. आजही आम्ही त्याच्याच वंशजांवर जगतो. पुढे बेल लॅब्जमध्ये जो स्टेफेन यांनी 'सीस्कोप' नावाचं साधन केलं. काळ्या पडद्यावर प्रश्नांची एक छोटी यादी: हे फंक्शन (कोडचा नाव दिलेला तुकडा) कुठे लिहिलंय, याला कोण कोण बोलावतं, हे कुणाकुणाला बोलावतं. त्यात एक प्रश्न असाही आहे, की या नावाला किंमत कुठे कुठे दिली जाते. मला त्या सकाळी हवा होता तो नेमका हाच. टर्मिनलवर चालणाऱ्या साधनात तो होता, आणि आजच्या चकचकीत एडिटरमध्ये मला तो हाताने चाळावा लागतो.

सगळीकडे नाही, हे कबूल. इंटेलिजेसारखे काही एडिटर वापराची यादी देताना वाचणं वेगळं आणि लिहिणं वेगळं दाखवतात. पण २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एडिटर आणि भाषा यांच्यात बोलणी व्हावीत म्हणून जी सामाईक पद्धत आणली, लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, त्यात संदर्भ मागितले की उत्तरात नुसती ठिकाणं येतात. कुठल्या फाईलची कितवी ओळ, एवढंच. त्या पद्धतीने मोठं काम केलं यात शंका नाही. आधी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेचं वेगळं जोडकाम लागायचं, ते संपलं. पण उत्तर एवढं त्रोटक ठरवून टाकल्यामुळे तिच्यावर चालणारे सगळेच एडिटर सारखी यादी दाखवतात.

माझ्या मते चांगल्या साधनाने शब्दापेक्षा प्रश्नापासून सुरुवात करावी. को आणि ब्रॅड मायर्स यांनी २००४ साली 'व्हायलाइन' नावाचा प्रयोग केला होता. प्रोग्रॅम चालवायचा, समोर जे दिसतं त्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे असं का झालं? किंवा, ते का नाही झालं? साधन मागे मागे जात कारण दाखवायचं. पुढे जावा या भाषेसाठीही त्यांनी ते केलं. प्रोग्रॅम जे जे करतो त्याची नोंद ठेवावी लागते, त्यामुळे ते जड पडतं हे खरं. तरी मला पट्टीवरच्या 'निव्वळ देय'वर बोट ठेवून विचारता यायला हवं, हा आकडा आला कुठून? आणि उत्तर अवतरणचिन्हातल्या एसक्यूएलपाशी, रिपोर्टच्या फाईलपाशी थांबता कामा नये. खरी दुखणी भाषांच्या शिवेवरच असतात. साधनं मात्र आपापल्या शिवेच्या आत हुशार.

दुसरी गोष्ट इतिहासाची. एडिटर मला कोडचा सातबारा दाखवतो, फेरफार दाखवत नाही. आज ही ओळ अशी आहे, पण ती अशी कधी झाली, कुणी केली, त्याच वेळी आणखी काय बदललं? २००५ पासून गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन आहे, त्यात ओळीओळीचा मालक कळतो, एखादा मजकूर कधी आला नि कधी गेला तेही शोधता येतं. पण ते वेगळ्या आज्ञांमध्ये दडलेलं. वाचता वाचता शेजारी दिसलं पाहिजे. अर्ध्या पानाच्या नमुन्याला कुणी हात लावलाच नाही, हे मला इतिहासातून दोन मिनिटांत कळलं असतं. अर्थात त्यासाठी आमच्या आधीच्या मंडळींनी गिट वापरायला हवं होतं. त्यांचा इतिहास म्हणजे 'नवीन', 'नवीन_फायनल', 'फायनल_दिवाळी' अशी फोल्डरं.

वाचण्याची वाटही जपायला हवी. सात फायली उघडून आठवीत पोचलं आणि तेवढ्यात दुसऱ्या दुकानाचा फोन आला, की परत कुठून निघालो होतो तेच कळत नाही. ब्राउन विद्यापीठात २०१० च्या सुमाराला 'कोड बबल्स' म्हणून एक कल्पना आली होती. अख्खी फाईल उघडायचीच नाही, लागतील तेवढी फंक्शनं एकाच पडद्यावर शेजारी शेजारी मांडायची आणि ती मांडणी तशीच जपून ठेवायची. कामाला फार बरी कल्पना. टॅबांच्या रांगेत ती हरवली.

आता आपल्या घरचं. आमच्याकडच्या कोडमध्ये नावं मराठी, लिपी रोमन. एकाने हमालीत एक 'ए' लिहिला, दुसऱ्याने दोन, तिसऱ्याने स्वर गाळून तीन अक्षरं ठेवली. तोलाईच्या शेवटी कुणी 'आय', कुणी डबल 'ई'. एक शोधलं की बाकीची निसटतात. देवनागरीतही तेच. 'व्यापाऱ्याचे' या शब्दातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप झालेला सापडतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, सर्चला दोन वेगळे शब्द. 'ॲडव्हान्स'च्या ॲचीही तीच कथा.

याहून खोलात एक भानगड आहे. गूगलचं लोकांसाठीचं कोड सर्च २०१२ च्या सुरुवातीला बंद झालं, तेव्हा रस कॉक्स यांनी त्यामागची युक्ती सविस्तर लिहिली आणि साधनही खुलं केलं. मजकुराचे तीन-तीन बाइटचे (इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट) तुकडे करायचे, कुठला तुकडा कुठल्या फाईलमध्ये आहे याची सूची ठेवायची, म्हणजे शोधताना मोजक्याच फायली उघडाव्या लागतात. इंग्रजीला झकास. पण यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकच चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे सूचीला एवढंच कळतं, की या फाईलमध्ये 'ह' आहे, 'म' आहे, 'ल' आहे. ते तर मराठी मजकूर असलेल्या जवळपास प्रत्येक फाईलमध्ये असतं! सूची असून नसल्यासारखी. बाइटऐवजी अक्षरांचे तुकडे केले की झालं, फार अवघड नाही. फक्त ज्याला गरज आहे त्यानेच ते करायला हवं, आणि ती गरज कॅलिफोर्नियात कुणाला पडणार?

शिवाय सूची माझ्याच लॅपटॉपवर बनावी. इकडे लाईट गेली की राउटर गेला. चार जीबी रॅमवर चालावं, नेटशिवाय चालावं. आणि गिऱ्हाइकाचा कोड दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवणं मला पटतही नाही.

लेखातल्या एआयबद्दल एवढंच म्हणते. विचारलं तर ते कोड समजावून सांगतं, छान सांगतं. पण मला गोड परिच्छेदाऐवजी ओळ क्रमांक हवे असतात, म्हणजे मी स्वतः जाऊन पडताळेन. आणि कोड जितका झपाट्याने लिहिला जाईल तितका कुणालातरी वाचावा लागेलच.

शेवटची तक्रार आपल्याच कॉलेजांबद्दल, नाव कुणाचंच घेत नाही. लातूर पॅटर्नच्या गावात पोरं अभ्यासाला कमी नाहीत. पण प्रॅक्टिकलला कोरा पडदा देतात नि शून्यातून प्रोग्रॅम लिहायला सांगतात. दुसऱ्याचा वीस हजार ओळींचा कोड समोर टाकून 'यात हा आकडा कुठून येतो ते दाखव' असं कुणी विचारत नाही. माझ्याकडे मदतीला येणारी मुलं लिहितात बरी. वाचायला बसवलं की दहाव्या मिनिटाला म्हणतात, ''म्याडम, हे सगळं नव्यानं लिहू का?'' शेवटच्या वर्षाला मात्र दरसाल तीच ग्रंथालयाची आणि हजेरीची प्रोजेक्टं.

त्याऐवजी कुणी एवढंच करून बघावं: एसक्यूएलचं वाक्य अवतरणचिन्हातून बाहेर काढून टेबलातल्या रकान्यापर्यंत धागा जोडणारं, आणि मराठी नावांची सगळी स्पेलिंगं एकत्र धरणारं एक लहानसं साधन. सरावाला खरा, अस्ताव्यस्त कोड लागेल, तो मी देते. दुकानदारांना विचारलंय, नावं आणि आकडे काढून द्यायला त्यांची हरकत नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. ज्या शिक्षकांना रस असेल त्यांनी दुपारी, सौदे उरकल्यावर फोन करावा. सकाळी माझा फोन आडत्यांचा असतो.

आपली,
एक वाचक, लातूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)