कोयता हातात येण्याआधी

कोयता गँगच्या बातमीतले 'आरोपींमध्ये अल्पवयीन मुलांचाही समावेश' हे वाक्य आता पुणेकरांच्या अंगवळणी पडले आहे. उपाय म्हणून पुन्हा नाकाबंदी, पुन्हा कोम्बिंग ऑपरेशन.

2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 107 मात्र दुसरी वाट दाखवते. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी आणि प्रत्येक जिल्ह्यात व शहरात विशेष बाल पोलीस पथक. त्यात मुलांसाठी काम केलेले दोन सामाजिक कार्यकर्ते, पैकी एक महिला. म्हणजे पोलीस आणि सामाजिक कार्यकर्ते ही जोडी कायद्यानेच लावून दिली आहे. पण पुण्याएवढ्या शहराला दोनच कार्यकर्ते कसे पुरणार?

नववीत शाळा सुटलेला मुलगा सकाळी पाण्याचे जार पोचवतो आणि रात्री कुठल्याशा 'भाई'च्या वाढदिवसाच्या रीलमध्ये, कोयत्याने केक कापला जाताना, मागे उभा दिसतो. पोलिसांना तो गुन्हा घडल्यावर कळतो. वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्तीला कितीतरी आधी. तिने त्याचे नाव सांगितले तर ते 'रेकॉर्ड'वर चढणार नाही, याची हमी तिला हवी. नाहीतर वस्ती तिलाच खबरी ठरवेल (आणि तेही चूक म्हणता येणार नाही).

कार्यकर्त्यांची संख्या वाढवावी, बालकल्याण अधिकाऱ्याला सतत बंदोबस्ताला जुंपू नये आणि निदान त्याचे नाव व फोन क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर लावावा. शेवटच्या कामाला तर निधीही लागत नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, हडपसर, पुणे