आहेराच्या वहीचे फोटो पाठवा

ती. आई-अण्णा, साष्टांग नमस्कार.

अण्णा, काल मी स्वातीच्या व्हिसासाठी लग्नाचे पुरावे मागितले, तर तुम्ही "सगळ्या गावानं अक्षता टाकल्यात, आता आणखी कुणाला पुरावा द्यायचा" म्हणालात अन् फोन आईकडं दिलात. मला रात्रभर झोप नाही लागली. फोनवर मला नीट सांगता येत नाही म्हणून लिहायलोय.

लग्न झालंय हे ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरून व्हिसावाल्यांना कळतंच. पण कागदापुरती लग्नं लावणारे पण लोक असतात, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या ३०९ व्हिसाला, म्हणजे बायकोला इकडं आणायच्या व्हिसाला, नातं खरं आहे अन् चालू आहे हे दाखवावं लागतं, पैसा, घर, समाज आणि एकमेकांशी बांधिलकी अशा चार बाजूंनी बघतात. पैशाचं माझ्याकडं आहे, स्वातीच्या खात्यावर दर महिन्याला टाकतो त्याचं स्टेटमेंट, अन् इथं पीएफसारखं सुपर असतं त्यात वारसदार म्हणून तिचंच नाव आहे. फी ९ हजार डॉलरच्या वर, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. म्हणून एवढा मागं लागलोय.

अडलंय ते घराचं अन् समाजाचं. नवराबायको सध्या लांब राहतात म्हणून अर्ज बाद होत नाही, पण ते कायमचं नाही हे दिसलं पाहिजे. एक एजंट म्हणाला, नवे कपडे घालून चार ठिकाणी फोटो काढून घ्या. मला अजिबात पटलं नाही. आपल्याकडं खरं एवढं पडलंय, खोटं कशाला करायचं?

आई, मागच्या येळवस अमावस्येला मी आलो होतो तेव्हाचा फोटो तुझ्या मोबाईलमध्ये आहे बघ, स्वाती आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन बांधावरून चाललीय अन् मी मागं भज्जीचं पातेलं धरून, तो पाठव. आणि ट्रंकेतली आहेराची वही काढ. पहिल्या पानाला हळदीचं बोट लागलंय ती. तिच्या माहेरची अन् आपल्या गावची नावं एकाच वहीत, अण्णांच्या एकाच अक्षरात आहेत, यापेक्षा मोठा पुरावा मला सुचत नाही. इंग्रजी भाषांतर मी करून घेतो.

अण्णा, इथल्या दोघांनी आमचं नातं खरं आहे असं लिहून द्यायचा ८८८ फॉर्म भरून दिलाय, पण ते आम्हाला बाहेरून ओळखतात, तुम्ही घरातून बघता. म्हणून तुमचं पत्र पाहिजे. "दोघं सुखी आहेत" असलं मोघम नको. तुम्ही लातूरला ॲडमिट होता, त्या चार रात्री स्वाती उशाशी बसून होती, स्टुलावर पाण्याच्या बाटलीला फोन टेकवून मला तुमचा चेहरा दाखवायची, तिकडं रात्रीचा एक वाजलेला अन् इथं ब्रिस्बेनला पहाटेचे साडेपाच, मी कामावर निघेपर्यंत आम्ही दोघं जागे. तुम्ही डोळे मिटून सगळं ऐकत होतात, मला माहितीय. तेच लिहा, तारखेसकट, मराठीतच, बोलता तसं.

वही कुरिअरनं पाठवू नका, रस्त्यात हरवली तर? ओसरीवर उजेडात धरून पानापानाचे फोटो काढा, हळदीचं बोट पण येऊ द्या.

तुमचा,
गणेश