शाबासकी नको, कुठे अडकलात ते सांगा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात शहरातल्या मुलांनी दोन रात्री जागून कॉम्प्युटरचे खेळ बनवल्याची बातमी होती. पिझ्झाचे खोके, जमिनीवर आडवी झालेली पोरं, सगळ्यांचे फोटो आले. खेळ कसे होते, याबद्दल एक ओळ नाही. माझी नात त्या मुलांत होती आणि तिचा खेळ मी स्वतः खेळलो आहे, म्हणून हे पत्र.

याला गेम जॅम म्हणतात. विषय आयत्या वेळी जाहीर होतो आणि मुदत संपली की हातात असेल तो खेळ द्यायचा. २००२ साली सुरू झालेल्या ‘लुडम डेअर’ या गेम जॅममध्ये एकट्याने करायचा असेल तर ४८ तास मिळतात. नातीचा खेळ फर्स्ट पर्सन कोड्याचा आहे. पडद्यावर माणूस दिसत नाही, आपणच तिथे उभे आहोत असं समजून चालायचं. जागा तिने निवडली कात्रजच्या तळ्यातून पेठांत पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळाची, म्हणजे जमिनीखालच्या दगडी भुयाराची. हातात कंदील, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मधेच वरून उच्छ्वासातून, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यातून, उजेडाची तिरीप. तीन झडपा बरोबर क्रमाने फिरवल्या की पाणी हौदात पडतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात लोखंडी चाकाच्या झडपा कुठून आल्या, हे मी विचारलं नाही. ४८ तासांत इतिहास किती सांभाळणार?

मी ३४ वर्षं ड्राफ्ट्समन होतो, पाण्याच्या लाइनींचे नकाशे काढले. त्यामुळे हा खेळ मला सहज जमेल असं वाटलं. नातीने लॅपटॉप पुढ्यात ठेवला, माझ्या मागे खुर्ची घेतली, मांडीवर वही. म्हणाली, “आबा, मी काही सांगणार नाही. तुम्ही मोठ्याने बोलत खेळा.”

पहिल्या झडपेपाशी मी ११ मिनिटं अडकलो. चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलं की झडप बंद होते, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं. खेळात नेमकं उलटं. चाक तसं फिरताना दिसलं की मी “बंद झाली” म्हणून परत उलटं फिरवायचो आणि उघडलेली झडप स्वतःच बंद करायचो. दोनदा मागे वळून विचारलं, “अगं, बिघडलंय का हे?” पोरीने तोंड उघडलं नाही, नुसतं लिहीत राहिली. मला राग आला, खोटं कशाला सांगू. तिच्या मित्रांना ही झडप चुटकीसरशी जमली होती, कारण त्यांतल्या एकानेही आयुष्यात खरी झडप फिरवलेली नाही.

त्यातच डोकं गरगरायला लागलं. डोळे म्हणतात चाललोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो खुर्चीत बसलोय, आणि दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. वर प्रत्येक पावलागणिक चित्र हलायचं. दुसऱ्या दिवशी तिने ते हलणं बंद करायची सोय केली, नजरेचा कोन ६० अंशांवरून ९० वर नेला, आणि मी अर्धा तास बसू शकलो.

भिंतीवर ‘किल्ली’ लिहिलं होतं म्हणे. मला वाचताच आलं नाही. पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसलेली, पहिल्या ल चा पाय मोडून खाली लोंबतोय. ती वापरते त्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी जमत नाही, अक्षरं आली तशी ओळीने ठेवून देतं. शेवटी तिने शब्दांची चित्रं काढून चिकटवली. मित्रांपैकी कोणीच हे सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी पाटी वाचलीच नाही.

मग मी माझा हुकमी एक्का काढला. म्हटलं, तुझ्या तिसऱ्या टप्प्यात जमीन हौदाकडे चढत जाते आणि पाणीही चढतं. कात्रजच्या नळाचं सगळं कसब उतारात आहे, पंप नव्हते तिथे. तिने शांतपणे विचारलं, “हे कधी लक्षात आलं तुमच्या?” तिसऱ्यांदा खेळताना. तिने वहीत ‘तिसऱ्यांदा’ एवढंच लिहिलं. मी खट्टू झालो.

तिने मला इतरांचे शेरे दाखवले. “भारी.” “लायटिंग कडक.” “मस्तच गं.” पन्नासेक असे. एका अनोळखी मुलाने मात्र लिहिलं होतं, दुसऱ्या खोलीत डाव्या कोपऱ्यात उडी मारली तर भिंतीतून आरपार खाली पडतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नात त्या एका शेऱ्यावर जेवढी खूष होती तेवढी बाकी पन्नासांवर नव्हती. ‘सुपरहॉट’ नावाचा खेळ २०१३ साली असाच सात दिवसांत उभा राहिला आणि २०१६ मध्ये पूर्ण होऊन विकायला आला, असं तीच सांगते. आपल्या पुण्यातच बनलेला ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये विकायला आला. म्हणजे हा पोरखेळ नाही.

पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका झाल्या की आपण संहिता कुठे ढेपाळली, प्रकाशयोजना कुठे चुकली, हे छापता, आणि कॉलेजची मुलं ते कात्रण जपून ठेवतात. या खेळांनाही तेवढंच द्या. जागरणाचं कौतुक पुरे. बातमीदाराने एक खेळ निदान अर्धा तास खेळावा आणि कुठे अडकलो, कुठे कंटाळलो, ते लिहावं.

आमच्याकडे आलात तर लॅपटॉप चालू करून देतो. झडप अजून उलटीच फिरते, नातीने फक्त शेजारी बाण रंगवलाय. आलेपाक मात्र आपला आपण आणावा, दुसऱ्या खोलीत लागेल.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, सदाशिव पेठ, पुणे